कोरियाची टपाल तिकिटे : ओळख, मूल्य आणि ऐतिहासिक पुरावा

टपाल तिकिटांचा संग्रह हा बहुधा छंद म्हणून गणला जातो. इतिहासाची साधने म्हणून तिकिटांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. परंतु ज्या देशात सत्तर वर्षांच्या आत राज्याचे नाव, चलन आणि सत्ताधीश वारंवार बदलले, तेथे तिकीट हे त्या बदलाचे दिनांकित प्रमाण ठरते. कोरियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील तिकिटाचे मूल्य ठरविण्यापूर्वी ते कोणत्या सत्तेच्या नावाने निघाले आणि प्रत्यक्ष वापरात आले किंवा नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. बाजारातील किंमत त्यानंतर येते.

कोरियातील अर्वाचीन टपालव्यवस्थेचा आरंभ 18 नोव्हेंबर 1884 रोजी सोल येथे झाला. तिचे प्रमुख हाँग याँग-सिक हे होते. जपानमध्ये छापलेल्या पाच तिकिटांची योजना होती : 5, 10, 25, 50 व 100 मुन. त्यांपैकी पहिली दोनच वेळेवर पोहोचली. 4 डिसेंबर रोजी टपाल कचेरीच्या उद्घाटनानिमित्त दिलेल्या मेजवानीच्या वेळीच सुधारणावादी गटाने उठाव केला. तो तीन दिवसांत मोडला, हाँग मारले गेले आणि टपालसेवा बंद पडली. उरलेली तीन तिकिटे पोहोचली तेव्हा ती लावण्यास टपालच उरले नव्हते. म्हणून 25, 50 व 100 मुनची कोरी तिकिटे जुनी असूनही दुर्मीळ नाहीत. उलट 5 किंवा 10 मुनचे खऱ्या शिक्क्याचे तिकीट अत्यंत दुर्मीळ आहे. 25 मुनच्या तिकिटावर 1884 चा शिक्का आढळल्यास तो शिक्का बनावट होय, कारण ते तिकीट त्या वर्षी विक्रीसच आले नव्हते. येथे इतिहासाचे ज्ञान हेच परीक्षेचे पहिले साधन ठरते.

1895 मध्ये टपाल पुन्हा सुरू झाले. या वेळची 5, 10, 25 व 50 पुनची तिकिटे वॉशिंग्टन येथे छापली होती आणि त्यांवर तेगुक हे वर्तुळाकार राष्ट्रचिन्ह होते. 1897 मध्ये राजा कोजाँग याने स्वतःस सम्राट घोषित करून राज्याचे नाव ‘देहान’ असे ठेवले. शिल्लक तिकिटांवर हे नवे नाव ठोकण्यात आले. असे अधिमुद्रण मूळ तिकिटाहून निराळे मूल्य धारण करते. म्हणूनच ते खोटे ठोकण्याचा मोहही होतो. अक्षरांची घडण, शाई आणि त्यांची जागा अस्सल नमुन्याशी ताडून पाहिल्याविना निर्णय करू नये. 1900 मध्ये कोरिया आंतरराष्ट्रीय टपाल संघात दाखल झाला, तर 1903 ची ससाण्याचे चित्र असलेली फ्रान्समध्ये छापलेली तिकिटे फ्रेंच भाषेत ‘साम्राज्याचे टपाल’ अशी स्वतःची ओळख सांगतात. दोनच वर्षांनी ते साम्राज्य आपले टपाल गमावून बसले.

1905 मध्ये कोरियाची टपालव्यवस्था जपानच्या व्यवस्थेत विलीन करण्यात आली. तेव्हापासून 1945 पर्यंत कोरियात जपानी तिकिटेच चालली. या काळात केवळ तिकीट पाहून कोरिया ओळखता येत नाही. केइजो (सोल) किंवा फुसान (पुसान) असा शिक्काच ते सांगतो. म्हणून या काळातील तिकीट पाकिटापासून सोडविणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. 1939 च्या सुमारास जपानने आपल्या 7 सेनच्या तिकिटावर कोरियातील कुमगांग पर्वत छापला. तोच पर्वत मार्च 1946 मध्ये सोव्हिएत नियंत्रणाखालील उत्तरेच्या अगदी पहिल्या तिकिटांपैकी एकावर, 50 जॉनच्या तिकिटावर, अवतरला. सात वर्षांत एकाच पर्वतावर दोन सत्तांनी आपला हक्क नोंदविला.

फाळणीनंतरच्या तिकिटांत सर्वाधिक चुका होतात. ‘जोसॉन उप्यो’ म्हणजे ‘कोरियाचे तिकीट’ ही अक्षरे दिसताच तिकीट उत्तरेचे मानण्याची प्रवृत्ती आहे. परंतु 1946 मध्ये दक्षिणेतील अमेरिकन लष्करी प्रशासनानेही जपानी तिकिटांवर हेच शब्द ठोकले होते. 1948 मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर दक्षिणेने ‘देहान मिन्गुक’ हे नाव धारण केले. चलन हा दुसरा दाखला : दक्षिणेत 1953 ते 1962 या काळात ह्वान चालत होते. तिसरा दाखला कालगणनेचा. 1961 पर्यंतच्या दक्षिणी तिकिटांवर तांगुन शक आढळतो. त्यातून 2333 वजा केले असता इसवी सन मिळतो. 4290 म्हणजे 1957.

उत्तरेने आपल्या प्रारंभीच्या अनेक तिकिटांची पुढे संग्राहकांसाठी पुनर्मुद्रणे काढली. कागद व रंग ताडून न पाहता त्यांस मूळ तिकिटांची किंमत देणे अनुचित होय. तद्वतच शिक्का असूनही मागील डिंक शाबूत असेल, तर ते तिकीट पत्रावर प्रवास केलेले नव्हे, विक्रीसाठी शिक्का मारलेले समजावे.

याच मालिकेत एक तिकीटसमूह देवनागरी अक्षरांचा आहे. कोरियन युद्ध थांबल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांच्या रक्षणार्थ 1953 मध्ये भारतीय सैन्य तेथे गेले. त्याचे सेनापती कोल्हापूर भागातील मेजर जनरल शं. पां. पा. थोरात होते. या सैन्यासाठी भारताच्या प्रचलित तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी अक्षरे ठोकण्यात आली. ही तिकिटे भारताची. त्यांचे क्षेत्र मात्र कोरिया.

सारांश, तिकिटाचे वय हे त्याच्या मूल्याचे गमक नव्हे. ज्या टपालाने 1884 मध्ये तीन आठवडेही धड पाहिले नाहीत, त्या टपालातून खरोखर गेलेला एक लहानसा कागद कोऱ्या तिकिटांच्या पूर्ण संचाहून मोलाचा ठरतो. कारण तो त्या अल्पजीवी प्रयत्नाचा साक्षीदार आहे. किंमत सूचीत सापडते. साक्ष मात्र शिक्का, अक्षरे आणि कालगणना यांच्या परीक्षणातूनच मिळवावी लागते.