शिवेवर थांबलेली पटकी

बाउमवॉल स्टेशनचा जिना उतरताना तुमच्या हातात पाण्याची बाटली आहे, सकाळी मुक्कामाच्या खोलीतल्या नळावर भरलेली. शेवटच्या पायरीवर पाय टेकतो आणि डोक्यावरची रेल्वे नाहीशी होते. तारीख २७ ऑगस्ट १८९२, वार शनिवार. बाटली घट्ट धरा. हॅम्बर्गमध्ये आज तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

उकाडा मरणाचा. एल्बे नदी आटून खाली गेली आहे, आणि वाऱ्यावर कार्बोलिकचा उग्र वास येतोय. समोर लाल विटांची प्रचंड गोदामं उभी आहेत. ही श्पायशरश्टाट, उद्घाटन होऊन चारच वर्षं झालेली. कॉफी, चहा, मसाले, जगभरचा माल इथे उतरतो. या जागेवर आधी वस्ती होती. गोदामांसाठी सुमारे वीस हजार माणसांना उठवलं. ती गेली कुठे? लांब जाणं परवडणारं नव्हतं. बंदरातलं काम रोजच्या रोज ठरतं आणि तेही बऱ्याचदा गुत्त्यात. गुत्तेवाला इथला मुकादम. त्याच्याकडे प्यायलात तर नाव पुढे. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर खोली हवी, हे गिरणगावाला वेगळं सांगायला नको. तेव्हा ही माणसं जवळच्या गल्ल्यांमध्ये शिरली, आधीच भरलेल्या खोल्यांत.

चला त्या गल्लीत. गेंगेफिअर्टेल म्हणतात या भागाला. लाकडी सांगाड्याची घरं एकमेकांवर ओणवी झालेली, दुपारीही आत अंधार. खोलीचं भाडं निघावं म्हणून एकेक खाट परक्या कामगाराला रात्रीपुरती दिलेली असते. अंगणात एक नळ. एक बाई तिथे जग भरून घेते, तुमचा घामेजलेला चेहरा पाहते आणि भरलेला पेला पुढे करते. नको म्हणणं जिवावर येतं, तरी नको म्हणा. पाणी गढूळ आहे, आणि त्यात काहीतरी हलतंय.

हलणारच. सहा वर्षांपूर्वी कार्ल क्रेपेलिन या प्राणिशास्त्रज्ञाने ‘हॅम्बर्गच्या नळातली जीवसृष्टी’ या विषयावर चक्क एक निबंध छापला. गोगलगायी, किडे, स्पंज. नळातून ईल मासा निघाला तरी इथे कोणी दचकत नाही. १८४२च्या आगीनंतर विल्यम लिंडली या इंग्रज इंजिनिअरने शहराला नळ दिले, तेव्हा युरोपला त्यांचं कौतुक होतं. पण पाणी उचलायचं ते एल्बेतून, न गाळता. सांडपाणी खालच्या अंगाला सोडायचं आणि पिण्याचं वरच्या अंगाला घ्यायचं, एवढाच काय तो बंदोबस्त. भरतीला हा हिशेब कोणी समजावला नव्हता. ती रोज पाणी उलटं वर ढकलते.

गाळणीची कल्पना कोणाला सुचली नव्हती असं नाही. वीसएक वर्षं तिच्यावर चर्चा झाली. खर्च कोणी उचलायचा, मीटर बसवायचे का, यावर घोडं अडलं. शहराच्या सभागृहात १६० जागा. त्यातल्या ४० निव्वळ घरमालकांनी निवडायच्या, आणखी ४० मानकऱ्यांनी. उरलेल्या ८० साठी मत द्यायचं तर आधी ३० मार्क भरून नागरिक व्हायचं. तुम्हाला पेला देणाऱ्या बाईला तर मतच नाही, आणि तिच्या नवऱ्याने ३० मार्क आणायचे कुठून? १८९० साली एकदाचा ठराव झाला. गाळण्याची तळी बांधायला घेतली आहेत, पुढच्या वर्षी पुरी होतील.

पटकी, म्हणजे कॉलरा, मात्र गेल्या आठवड्यातच आली. डॉक्टरांना लक्षणं दिसली. पण जाहीर केलं की बंदर बंद, जहाजं अडकणार. दिवस वाया गेले. आता रोज शेकड्यांनी माणसं आडवी होतायत. भाड्याच्या घोडागाड्यांतून रोगी नेतात, घरसामान हलवायच्या गाड्यांतून प्रेतं ओल्सडोर्फला. पाणी उकळून प्या, ही पत्रकं घरोघर वाटायची तर गल्लीबोळ माहीत असलेली माणसं हवीत, आणि ती फक्त समाजवादी पक्षाकडे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांच्यावर बंदी होती, त्यांनाच सरकार थोड्या दिवसांत विनंती करील.

आता वायव्येला चाला, शुल्टरब्लाट रस्त्यापर्यंत. ही शीव. एका बाजूला हॅम्बर्ग, दुसऱ्या बाजूला प्रशियाचं आल्टोना. तीच हवा, तशीच घरं, तशीच गरिबी. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचे. इथे कोणी गाडा ओढला नाही; पटकी आपणहून शिवेवर थांबली आहे. आल्टोना तर हॅम्बर्गचं सांडपाणी मिसळल्यावर खालून पाणी उचलतं, म्हणजे जास्तच घाण. पण १८५९पासून ते वाळूतून गाळतं. शिवेच्या आत हॅम्बर्गचाच एक वाडा आहे, आल्टोनाच्या नळावर जोडलेला. त्यात एकही रोगी नाही.

बर्लिनहून रॉबर्ट कॉख आला आहे. कॉलऱ्याचा जंतू त्याने आठ वर्षांपूर्वी कलकत्त्यात ओळखला होता. या गल्ल्या पाहून, आपण युरोपात आहोत हेच विसरायला होतं, अशा अर्थाचं तो बोलून गेला. टोमणा हॅम्बर्गला की आपल्याला, कोण जाणे. याच वर्षी मुंबईत तानसा धरणाचं पाणी आलंय हे त्याला सांगावंसं वाटतं. पण सांगू नका. चारच वर्षांनी मांडवीत प्लेग निघेल, आणि तिथल्या खोल्याही तो याच नजरेने पाहील.

परत या. ऑक्टोबरपर्यंत सुमारे ८,६०० माणसं गेली. आल्टोनात काही शे. गाळण्याची ती तळी काल्टेहोफे इथे १८९३ मध्ये सुरू झाली, आणि ते ३० मार्क १८९६ साली रद्द झाले. कामगारांची मतं वाढू लागल्यावर १९०६ मध्ये सभागृहाने मतदानाचे नियम पुन्हा आवळले, तेही याच शहरात. गल्ल्या पाडून त्यांतून रुंद रस्ता काढला, त्याला महापौर म्योंकेबेर्ग यांचं नाव दिलं. तिथे आज कपड्यांची मोठी दुकानं आहेत.

तिथून नगरभवनाच्या चौकात जा. कारंज्यावर हायजिया उभी आहे, ग्रीकांची आरोग्यदेवता, पायाखाली पटकीचा ड्रॅगन. आपली मरीआई शिवेवर बसते. हिला सभागृहाच्या दारातच जागा मिळाली. शाळेची सहल फोटो काढत्येय. बाटलीत अजून अर्धं पाणी आहे. तुम्ही झाकण काढून एक घोट घेता, आणि दुसरा घेण्याआधी बाटली उजेडात धरून पाहता.