अपवादबिंदूची कसोटी

एकाच आधाराला टांगलेली दोन घड्याळे काही वेळाने परस्परांशी ताल जुळवून घेतात, हे डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६६५ साली पाहिले. आधाराच्या सूक्ष्म कंपांतून एका लंबकाचे आंदोलन दुसऱ्यास जाऊन भिडत होते. विद्युत्‌मंडलांचेही असेच आहे. तारेचे वेटोळे आणि धारित्र यांचे मंडल एका ठरावीक कंप्रतेलाच जोराने साद देते. रेडिओवर हवे ते केंद्र लागते ते याच गुणामुळे. अशी दोन सारखी मंडले परस्परांशी जोडली, म्हणजे एका कंप्रतेच्या जागी दोन निर्माण होतात.

आता एका मंडलात रोध घालून ऊर्जा खर्ची पडू दिली, आणि दुसऱ्यात विवर्धकाने तेवढीच भर घातली, तर काय होईल? जोडणी सैल करीत गेल्यास या दोन कंप्रता जवळ येतात आणि एका नेमक्या ठिकाणी एक होतात. इतकेच नव्हे, तर आंदोलनाच्या दोन रीतींपैकीही एकच उरते. गणिती तोसिओ काटो यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात अशा ठिकाणांना जे नाव दिले, त्याला मराठीत ‘अपवादबिंदू’ म्हणता येईल. नाव नवे, पण गोष्ट जुनी. प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकांतील अशा दिशा जर्मनीत फोग्ट यांनी १९०२ मध्ये ओळखल्या होत्या, आणि बंगलोर येथे पंचरत्नम् यांनी १९५५ मध्ये त्यांचा सखोल अभ्यास केला होता.

अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात २०११ मध्ये हा बिंदू दोन साध्या मंडलांत प्रत्यक्ष दाखविण्यात आला. पुढे २०१४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ यान वीरसिग यांनी त्याचा उपयोग सुचविला. एरवी कंप्रतांतील अंतर बाह्य फरकाच्या प्रमाणात वाढते. अपवादबिंदूपाशी ते त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दहा हजारांशाचा फरक शतांशाएवढा होऊन दिसतो. अतिसूक्ष्म फरक टिपणाऱ्या संवेदकाला याहून मोठे वरदान कोणते?

परंतु रेडिओचा आवाज वाढविला, की खरखरही वाढते. हाच आक्षेप २०१८ पासून जोराने पुढे आला. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये परिभ्रमण मोजणाऱ्या एका लेसरावर प्रयोग झाला, तेव्हा संकेताबरोबर गोंगाटही तितकाच वाढल्याचे आढळले. पदरात काहीच पडले नाही. तथापि २०२२ मध्ये वेस्लियन आणि विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी जोडलेल्या मंडलांचाच त्वरणमापक तयार केला. त्यात मंडलांची स्वतःची आंदोलने न मोजता त्यांतून पार होणाऱ्या संकेताची शिखरे मोजली. संकेताचे गोंगाटाशी असलेले प्रमाण बिंदूपासून दूर असताना मिळते त्याच्या तिप्पट भरले.

यावरून वाद संपला असे नव्हे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्रपणे कसोटीस उतरावे लागेल. यंत्र किती हलते यापेक्षा त्या हलण्यातून खरे किती कळते, हाच मापनविद्येतील अखेरचा प्रश्न होय.