जोखमीचे लेखाशीर्ष

मुंबई-कोलकाता महामार्गावरून जाणारा प्रवासी देवरीला चहापुरता थांबतो आणि पुढे छत्तीसगडच्या सीमेकडे निघून जातो. चिचगड त्याला दिसत नाही. त्यासाठी देवरीत महामार्ग सोडून आत वळावे लागते. रस्ता जंगलात शिरतो. एका अंगाला छत्तीसगड आणि दुसऱ्या अंगाला गडचिरोलीचा कोरची तालुका, अशा बेचक्यात हा मुलूख आहे. जुन्या मध्य प्रांतात तो भंडारा जिल्ह्यातली एक जमीनदारी होता आणि जमीनदार हलबा होते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि चिचगड त्या जिल्ह्याच्या कडेला गेले. पोलीस खात्यात मात्र या नावाची ओळख आधीपासून वेगळीच होती. चिचगड म्हणजे नक्षलग्रस्त भागातली नेमणूक.

१९८० च्या सुमारास नक्षलवाद्यांची दलमे गोदावरी ओलांडून सिरोंचा भागात उतरली आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेकडे सरकत भंडाऱ्याच्या जंगलापर्यंत पोहोचली. पोलिसांचे रोजचे काम त्यामुळे पार बदलले. वॉरंट बजावायला जाणारा शिपाई सायकलवरून गावात जाई, ते बंद झाले. भूसुरुंगाच्या भीतीने गाडी टाळून पायी जायचे, गेलेल्या वाटेने परतायचे नाही, पुलाखालची मोरी तपासल्याशिवाय पूल ओलांडायचा नाही, हे नियम अंगवळणी पडले. ठाण्याभोवती काटेरी तारा आणि वाळूच्या पोत्यांचे मोर्चे आले. दूरक्षेत्राच्या नावामागे ‘सशस्त्र’ हा शब्द लागला. १९९० मध्ये शेजारच्या गडचिरोलीत तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक तरुणांची ६० जणांची तुकडी उभी केली, तीच सी-६०.

अशा ठिकाणी माणसाने टिकायचे, तर सरकारला पदरचे काहीतरी मोजावे लागते. महाराष्ट्राने ते मोजलेही. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी दिली, म्हणजे बढती न होताही वरच्या पदाचा पगार. गडचिरोलीतल्या पोलिसांना मूळ वेतन आणि महागाई भत्ता दीडपट मिळू लागला. केंद्र सरकारची सुरक्षाविषयक खर्चाची योजना १९९६ पासूनच चालू होती. मोहिमांचा खर्च, मृतांच्या कुटुंबीयांना सानुग्रह मदत, आत्मसमर्पितांचे पुनर्वसन, ग्रामरक्षण, प्रचार अशा बाबींची प्रतिपूर्ती तिच्यातून राज्यांना होते. शासन कंजूष होते, असे या यादीकडे पाहून म्हणवत नाही. पण कोणत्याही सरकारी कचेरीत खर्चाला आधी लेखाशीर्ष लागते, आणि लेखाशीर्ष उघडायचे तर दाखवता येईल अशी घटना लागते. मृत्यू दाखवता येतो. तुटलेला पाय दाखवता येतो. झोप न येणे कशात दाखवणार?

राज्याच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या नियमांत हा पेच चांगला उघडा पडतो. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार ठरवून दिले गेले. गंभीर आजारांत हृदयशस्त्रक्रिया आणि मूत्रपिंड प्रतिरोपणासारखे उपचार आहेत. आकस्मिक आजारांत हृदयविकाराचा झटका, अपघात, भाजणे, उष्माघात, प्राण्याचा चावा यांच्या रांगेत ‘मनोविकृतीची सुरुवात’ हीही एक नोंद आहे. तेव्हा मन साफ विसरले गेले, असा आरोप करता येणार नाही. पण ते यादीत आले ते झटक्यासारखे, एका दिवशी उद्भवणारे दुखणे म्हणून. दोन वर्षे दर पंधरवड्याला समुपदेशकासमोर बसायचे, त्यात गोळ्या थोड्या आणि बोलणे जास्त, हा उपचार आकस्मिकतेच्या चौकटीत बसवणे अवघड. बिल करणाऱ्या कारकुनाचाही त्यात दोष नाही. त्याच्या हातात यादी आहे आणि तो यादीप्रमाणे चालतो.

चिचगडच्या पट्ट्यात हा प्रश्न किती खोल असेल, याचा अंदाज २००९ या एका वर्षावरून येतो. १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे १५ पोलीस मारले गेले, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे १७. तिन्ही ठिकाणे गडचिरोलीतली. हत्तीगोट्याच्या १६ जणांत पाच महिला पोलीस होत्या. नऊ महिन्यांत एका जिल्ह्याने तीनदा तिरंग्यातल्या शवपेट्यांपुढे हवेत गोळ्या झाडून मानवंदना दिली. मेलेल्यांची नावे स्मारकावर कोरली गेली. पण जंगलातून ते मृतदेह कुणीतरी उचलून आणले होते. ते बहुधा त्याच बरॅकमध्ये झोपणारे, एका ताटात जेवणारे शिपाई होते आणि पुढच्या गस्तीला त्यांनाच निघायचे होते.

१ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ शीघ्रकृती दलाचे वाहन भूसुरुंगाने उडवले गेले. १५ जवान आणि चालक ठार झाले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली होती, तिकडेच हे जवान निघाले होते. या घटनेने कोरची, कुरखेडा, देवरी या सगळ्या पट्ट्यातल्या ठाण्यांना जुना नियम नव्याने आठवला असेल: गाडीने जायचे नाही.

पोलिसांत दुखणे सांगायची एक रूढ वाट आहे, ‘सिक’ जाणे. ताप, कंबर, पोट यांसाठी ती सरळ आहे. मनासाठी तिच्यावरून चालायला शिपाई कचरतो, कारण ‘डोक्याचा प्रॉब्लेम’ असा शेरा बसला, तर हत्यार जमा होईल, गस्तीच्या पार्टीतून नाव निघेल आणि लाइनीतल्या शेजाऱ्यांत चर्चा होईल, ही धास्ती असते. मोफत समुपदेशनाची सोय केली तरी ही धास्ती जात नाही. म्हणून पैशाच्या प्रश्नाला गुप्ततेचा प्रश्न जोडूनच येतो, आणि माझ्या मते दुसरा पहिल्याहून कठीण आहे.

अशीच जोखीम घेणाऱ्या आग विझवणाऱ्यांची कथा याहून जुनी आहे. मुंबईत आग विझवण्याचे काम एकेकाळी पोलीस आयुक्तांच्याच हाताखाली होते, पुढे ते महापालिकेकडे गेले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. कापसाच्या गठ्ठ्यांसोबत सुमारे १,४०० टन स्फोटके भरलेल्या त्या जहाजावर बंबवाले पाणी मारत असतानाच दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा तेव्हा लागू होता. त्याच्या परिशिष्टात अग्निशमन दलात काम करणाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख होता. कायद्यात अवयवांचाही भाव ठरलेला: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे धरायचे. व्यावसायिक रोगांची वेगळी यादी होती. तिच्यात शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता. मनाचा एकही रोग नव्हता.

गोंदिया जिल्ह्याचे आग विझवणारे बहुतेक खाकीतले नाहीत आणि गणवेशातलेही नाहीत. ते वनखात्याचे हंगामी मजूर. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, ती आग पसरते आणि एप्रिलच्या उन्हात वणवा होतो. जाळरेषा काढणे, ब्लोअरने पाने मागे लोटणे, हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपणे, असे हे काम असते. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात अशाच वणव्यात तीन मजूर होरपळून मेले आणि आणखी काही जखमी झाले. जे वाचले, त्यांच्या मागे कायमची नोकरी नाही, मग ‘सिक’ रजा कुठली! जोखीम पोलिसाइतकीच, पण ज्या कागदावर तिचा हिशेब मांडायचा तो कागदच यांच्याजवळ नाही.

जगात मनावरच्या आघाताचा हा विषय उशिराच मान्य झाला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने खंदकांतल्या सैनिकांच्या अशा अवस्थेवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आघातोत्तर तणावविकाराला १९८० मध्ये जागा मिळाली. पैशाची सोय त्यानंतरची. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ ला ३४३ अग्निशामक मेले. वाचलेल्यांच्या आणि मलबा उपसणाऱ्यांच्या उपचारांसाठी झाड्रोगा कायदा व्हायला २०११ उजाडले. त्यात मनाचे उपचारही धरले आणि २०१५ मध्ये त्याची मुदत थेट २०९० पर्यंत वाढवली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने २०१६ मध्ये कायदाच केला की पोलीस, अग्निशामक यांना हा विकार झाला, तर तो कामामुळेच झाला असे आधी गृहीत धरायचे. पुराव्याचे ओझे कर्मचाऱ्याच्या खांद्यावरून उतरवणारी ही तरतूद इथल्या नियमकर्त्यांनी वाचण्यासारखी आहे.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २९ मे २०१८ पासून. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे, असे त्याचे २१ वे कलम सांगते. १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेली मानस’ सुरू झाले. १४४१६ फिरवले की समुपदेशक मराठीत बोलतो आणि पैसे लागत नाहीत. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विदर्भाचे शासकीय मनोरुग्णालय मात्र नागपूरला, १८६४ पासूनचे. चिचगडहून तिथे जाऊन यायला सबंध दिवस मोडतो आणि ठाण्याच्या डायरीत जाण्याचे कारण लिहावे लागते.

दरम्यान जंगलातली लढाई आटोपत आली. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी कोरची तालुक्यातल्या मर्दिनटोल्याच्या चकमकीत मिलिंद तेलतुंबडेसह दोन डझनांहून अधिक नक्षलवादी मारले गेले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोंदियातही नक्षलवाद्यांच्या एका गटाने आत्मसमर्पण केले. समर्पितांसाठी राज्याची योजना २००५ पासून आहे आणि तिच्यात रोख रकमेपासून पुनर्वसनापर्यंतची तरतूद आहे. ती योग्यच आहे. बंदूक खाली ठेवणाऱ्याला पुढचे आयुष्य लागतेच.

समोरच्या बाजूच्या शिपायाचे पुढचे आयुष्य बदलीच्या आदेशाने सुरू होते. एकस्तर वेतनश्रेणी त्या भागात काम करीत असेपर्यंतच लागू असते. आदेश आला, कार्यमुक्त झाला, की पगार मूळ श्रेणीवर येतो. आघाताची लक्षणे कित्येकदा महिन्यांनी, वर्षांनी वर येतात. म्हणजे पुण्यात किंवा ठाण्यात वाहतूक शाखेत उभे असताना सायलेन्सर फुटल्याच्या आवाजाने तो दचकू लागेल, तेव्हा नक्षलग्रस्त भागासाठीची कोणतीही वेतनश्रेणी त्याच्या नावावर नसेल आणि नव्या ठाण्यातल्या साहेबाला चिचगड कुठे आहे, हेही कदाचित सांगावे लागेल.