दुरुस्तीची अट : वर्धा जिल्ह्यातील चरखा आणि आजचा लॅपटॉप

यंत्र बिघडले तर ते कोणी दुरुस्त करायचे, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात चरख्याच्या निमित्ताने फार बारकाईने विचारला गेला. आष्टी, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट हा सगळा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या कापसाला विलायतेच्या बाजारात नाव होते. पुलगाव आणि हिंगणघाटला कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि १९१७ मध्ये पुलगाव–आर्वी अरुंद रेल्वेमार्ग सुरू झाला. कापूस गावातून बाहेर जाण्याची सोय झाली. पण गिरण्यांतली मोठी यंत्रे गावाच्या आवाक्यातली नव्हती. ती दुरुस्त करण्याचे ज्ञान गिरणीच्या भिंतींच्या आतच राहिले.

जुन्या चरख्याची गोष्ट वेगळी होती. लाकडी चाक, लोखंडी चाती, दोघांना जोडणारी सुताची माळ आणि चाती धरून ठेवणाऱ्या चामड्याच्या चकत्या, एवढाच त्याचा पसारा. चाक सुताराने, चाती लोहाराने आणि चकती चांभाराने करायची. माळ तर कातणारी बाई स्वतःच वळून घेई. चाती वाकली तर चाती तेवढी बदलायची, उरलेला चरखा तसाच चालू राहायचा. त्याचा दोष एकच होता : त्यावर सूत फार थोडे निघे.

हा दोष घालवण्यासाठी अखिल भारत चरखा संघाने जुलै १९२९ मध्ये एक स्पर्धा जाहीर केली. सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस होते, आणि त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. बक्षिसापेक्षा अटी अधिक महत्त्वाच्या. यंत्र वजनाला हलके, खेड्यातल्या साध्या घरात चालणारे आणि बाईला फार श्रम न होता आठ तास चालवता येईल असे हवे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघाले पाहिजे. किंमत १५० रुपयांवर जाता कामा नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान २० वर्षे टिकावे, आणि झिजलेले भाग बदलण्याचा व दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. म्हणजे १५० रुपयांच्या यंत्रामागे वर्षाला फार तर साडेसात रुपये. यंत्र घेणाऱ्याला पुढच्या २० वर्षांत काय सोसावे लागेल, याचा हिशोब यंत्र घडण्याआधीच मांडणारा असा दस्तऐवज त्या काळात दुर्मीळच म्हणावा लागेल.

किर्लोस्करवाडीत घडवलेले यंत्रही या कसोटीला उतरवले गेले. पण सगळ्या अटी पुऱ्या करणारे यंत्र कोणालाच देता आले नाही आणि बक्षीस कोणालाही मिळाले नाही. अटी सैल करून कोणाच्या तरी गळ्यात माळ घालता आली असती. तसे केले नाही, हे योग्यच झाले.

पुढे या प्रयोगांचे केंद्र वर्ध्याकडे सरकले. विनोबा भावे १९२१ पासून येथे होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभारले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, चूल अशा अनेक गोष्टींवर तेथे काम झाले. तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आलेला पेटीचरखा आणि मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याने सुचवलेली धनुष्यटकळी ही या काळातली साधने. पेटीचरख्याची दोन्ही चाके उघडी दिसतात आणि कोणता भाग काय करतो हे पाहूनच उमगते. वर्ध्याच्या ग्रामसेवा मंडळात चरखे आणि त्यांचे सुटे भाग बनवण्याची परंपराही रुजली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी तयार केलेला अंबर चरखा १९५० च्या दशकात सरकारी योजनेतून देशभर पोहोचला. एकाऐवजी अनेक चात्या असल्याने उत्पादन वाढले आणि कातणाऱ्यांची मजुरीही वाढली. हा लाभ मोठा होता. मात्र त्यातले दातेरी चक्र आणि रूळ गावच्या सुताराला घडवता येणारे नव्हते. सुट्या भागांसाठी कार्यशाळेकडे बघणे आले. अधिक सूत आणि स्वतःच्या हातची दुरुस्ती यांतली ओढाताण येथे स्पष्ट दिसते.

लॅपटॉपच्या इतिहासात हीच ओढाताण फार कमी वर्षांत घडली. २००० च्या दशकातल्या बऱ्याच लॅपटॉपची बॅटरी खटका सरकवून काढता येई. तळाचे झाकण दोन-चार स्क्रूंनी उघडे आणि रॅम किंवा हार्ड डिस्क बदलता येई. २०१२ मध्ये ॲपलने रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला. त्यात रॅम मुख्य पाटीवर (मदरबोर्डवर) डाग देऊन पक्की केलेली होती आणि बॅटरी चिकटवलेली. इतर कंपन्यांच्या पातळ यंत्रांतही पुढे हा प्रकार वाढला. रॅम अशी पक्की झाली की ती वाढवता येत नाही, आणि ती बिघडली तर बहुधा सबंध पाटी बदलावी लागते. २०२१ मध्ये अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने उलट वाट धरली. तिच्या लॅपटॉपची बॅटरी, पडदा, कळफलक, जोडण्या इतकेच काय, मुख्य पाटीही मालकाला स्वतः बदलता येते. नवा प्रोसेसर हवा असेल तर जुने कवच टाकावे लागत नाही.

अशा दुरुस्तीजोग्या लॅपटॉपचा लाभ आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी अधिक आहे. कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे सहसा मोठ्या शहरांत असतात. तेथवरचा प्रवास, बुडालेला दिवस आणि यंत्राविना गेलेले आठवडे यांचा भार ग्राहकावर पडतो. सुटा भाग टपालाने आला आणि तो गावातच बसला, तर हा भार टळतो, गावातल्या कारागिराला काम मिळते आणि जुना लॅपटॉप विद्यार्थ्याच्या हाती आणखी काही वर्षे राहतो. कचराही घटतो.

कायद्याची पावलेही पडू लागली आहेत. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता येणे बंधनकारक होईल. शाळा, ग्रामपंचायती आणि महाविद्यालये लॅपटॉप घाऊक विकत घेतात. त्यांनी निविदेत सुट्या भागांची उपलब्धता, किमान आयुष्य आणि वर्षाच्या दुरुस्तीखर्चाची मर्यादा लिहून घ्यावी.