एका खेळाचें कुळवृत्त

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्यानें निघालें म्हणजे धाम नदीच्या खोऱ्यांत आंजी (मोठी) हें गांव लागतें. काळी जमीन, कापूस व तूर हीं पिकें, आणि शाळेचें शिक्षण पुरें होतांच वर्ध्याच्या महाविद्यालयांची वाट धरणारीं मुलें-मुली, असें या टापूंतील इतर गांवांसारखेंच त्याचें रूप आहे. अशा गांवचीं मुलें शारीरिक शिक्षणाच्या तासास प्रथम मैदानावर उतरतात व त्यांच्या हातीं सॉफ्टबॉलची बॅट येते, तेव्हां एक गंमत पाहावयास सांपडते. चेंडू त्यांस मारतां येत नाहीं असें नाहीं. ज्या डोळ्यांनीं उडती विटी अचूक हेरली, त्यांस बारा इंच घेराचा चेंडू सहसा चुकत नाहीं. फटका सणसणीत बसतो. परंतु फटका बसल्यावर मूल जागचें हालत नाहीं! बॅट तशीच हातांत धरून, चेंडू कोठवर जातो हें तें कौतुकानें पाहत राहतें.

यांत त्याचा दोष नाहीं. विटीदांडूंत विटी दूर गेली कीं मारणाराचें मुख्य काम झालें. पुढें उरतें तें दांडूनें अंतर मोजणें. क्रिकेटांतहि धांवावें कीं न धांवावें हें खेळणारानें ठरवावयाचें असतें, आणि धांवतांना बॅट त्याच्या हातींच असते. सॉफ्टबॉलचा कायदा निराळा आहे. मारलेला चेंडू हद्दींत पडला कीं बॅट टाकून साठ फुटांवरील पहिल्या बेसकडे धांवलेंच पाहिजे. तेथें विचारास अवधि नाहीं. चेंडू टाकणाराचा हात खालून येतो व चेंडू टप्पा न घेतां अंगाजवळ येतो. झेलणारास एका हातांत चामड्याचा मोजा घालावा लागतो, आणि उघड्या हातांनीं झेलावयास शिकलेल्या मुलास ही सोय प्रथम अडचणच वाटते. हातापायांस लागलेलीं जुनीं वळणें मोडून हीं नवीं लावावयास कित्येक आठवडे जातात.

मग प्रश्न निघतो कीं, एवढा खटाटोप करून हा परका खेळ आमच्या मुलांनीं शिकावाच कशाला? अध्यापकांच्या खोलींत हा प्रश्न आम्हीं अनेकदां ऐकला आहे; खरें सांगावयाचें तर एके काळीं आम्हीच तो विचारीत होतों. अभ्यासक्रम मागें पडला कीं मैदानाचा तास मागून घ्यावा व त्यांत आपला विषय पुढें रेटावा, हें पातक आमच्या हातून पुष्कळदां घडलें आहे. पुढें या खेळाचें कुळवृत्त पाहण्याचा योग आला, आणि आमचें मत पालटलें. तें कुळवृत्त वाचकांसहि सांगावेंसें वाटतें.

सॉफ्टबॉलचा जन्म मैदानावर झालेला नाहीं; तो एका बंद खोलींत झाला. १८८७ सालच्या नोव्हेंबरच्या २४ तारखेस अमेरिकेंतील शिकागो शहरीं फॅरागट बोट क्लबाच्या व्यायामशाळेंत कांहीं तरुण मंडळी येल व हार्वर्ड या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या तारेची वाट पाहत बसली होती. निकाल कळल्यावर उत्साहाच्या भरांत एकानें मुष्टियुद्धाचा एक जुना मोजा दुसऱ्यावर फेंकला व त्यानें तो हातांतील काठीनें परतविला. जॉर्ज हॅन्कॉक नांवाच्या सभासदाच्या मनांत यावरून कल्पना आली. त्यानें मोजा दोरीनें आवळून त्याचा चेंडू केला, केरसुणीच्या दांड्याची बॅट केली, खडूनें जमिनीवर चौकोन आंखला, आणि बेसबॉलचा एक घरगुती अवतार त्या दिवशीं खेळला गेला. पुढें हॅन्कॉकनें नियम लिहून काढले, व हिवाळ्यांत छपराखालीं खेळावयाचा हा खेळ लवकरच उघड्यावर आला.

दुसरी कथा १८९५ सालची, मिनियापोलिस येथील. तेथील आगीच्या बंबावरील लुई रोबर नांवाच्या कर्मचाऱ्यानें, घंटा वाजेपर्यंत रिकाम्या बसणाऱ्या आपल्या लोकांस व्यायाम घडावा म्हणून ठाण्याशेजारच्या मोकळ्या जागेंत असाच खेळ चालू केला. जागा लहान, म्हणून बेसमधील अंतर कमी. फटका फार दूर जाऊं नये, म्हणून चेंडू मोठा. ज्या गोष्टी आज या खेळाचीं लक्षणें म्हणून शिकविल्या जातात, त्या मुळांत अडचणींतून काढलेल्या वाटा होत्या.

या खेळास अनेक वर्षें एक नांव नव्हतें. कोणी त्यास मांजरीच्या पिलाचें नांव दिलें, तर कोणी भोंपळ्याचें. ‘सॉफ्टबॉल’ हें नांव १९२६ सालीं डेन्व्हर येथील वाय. एम. सी. ए. संस्थेच्या वॉल्टर हॅकॅन्सन यांनीं सुचविलें. १९३३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत मोठे सामने झाले, आणि त्यानंतर लवकरच ठिकठिकाणचे निरनिराळे नियम एकत्र करण्यांत आले. नांव मऊ चेंडूचें असलें तरी आजचा चेंडू मुळींच मऊ नाहीं, हें ज्यानें तो उघड्या तळहातावर घेतला आहे त्यास निराळें सांगावयास नको.

याच वाय. एम. सी. ए. चळवळींतून आमच्या देशांतील शारीरिक शिक्षणाचा एक प्रवाह निघाला आहे. १९२० सालीं हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तिच्यासारख्या संस्थांतून शिकून निघालेल्या शिक्षकांनीं बास्केटबॉल, व्हॉलीबॉल इत्यादि खेळ गांवोगांवच्या शाळांत नेले. दुसरा प्रवाह अस्सल आमच्या मातींतला. १९१४ सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें. त्याच साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें खोखोचे नियम बांधण्याचें काम हातीं घेतलें, आणि १९२३ त बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें हुतूतूचे नियमबद्ध सामने भरविले. तोंपर्यंत या खेळांतहि गांवोगांव निराळी रीत होती. म्हणजे हॅन्कॉकनें खडूनें जें केलें, तेंच आमच्या मंडळींनीं फक्कीनें केलें.

हे दोन प्रवाह १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं जणूं शेजारीं शेजारीं उभे राहिले. अमरावतीच्या मंडळाच्या पथकानें तेथें कबड्डी व इतर देशी व्यायामप्रकार दाखविले, आणि त्याच महोत्सवांत अमेरिकनांनीं बेसबॉलचें प्रात्यक्षिक केलें. त्या वेळीं जगाच्या दृष्टीनें दोन्ही खेळ परकेच होते. भारतांत सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ सालीं झाली. स्त्रियांचा सॉफ्टबॉल १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकांत गेला. आणि ज्या अमरावतीनें देशी खेळ बर्लिनला नेले, तिच्या मैदानावर पुढें हा परदेशी खेळहि नांदूं लागला, यांत कोणास विसंगति वाटली नाहीं.

तात्पर्य, जे लोक नियम ठरवून ते पाळावयास शिकतात, खेळ त्यांचा होतो. आणि शिकण्याजोगें या खेळांत पुष्कळ आहे. त्यांत एक डाव असा आहे कीं, खेळाडू मुद्दाम हलका फटका मारून स्वतः बाद होतो, एवढ्याचसाठीं कीं बेसवर थांबलेल्या सोबत्यास एक बेस पुढें सरकतां यावें. पहिल्या वर्षाच्या मुलांस हा डाव पटवून देणें सर्वांत कठीण जातें. आपण बाद झालों व तरी काम चोख झालें, हें गणित त्यांस परीक्षांनीं कधीं शिकविलेलें नसतें. मुलींच्या बाबतींत तर या तासाचें मोल अधिकच आहे. वयांत आल्यावर उघड्या मैदानावर चारचौघांदेखत मोकळेपणानें धांवण्याची मुभा खेड्यांतील कित्येक मुलींस प्रथम याच तासास मिळते, आणि तो तास काढून घेतला तर पुन्हां कोठेंच मिळत नाहीं.

साधनें नाहींत ही सबब नेहमीं पुढें येते. मोजे व बॅटी महाग आहेत हें खरें. परंतु ज्या खेळाची पहिली बॅट केरसुणीचा दांडा होती, त्याच्या आरंभिक धड्यांस तरी सुताराकडून घडविलेला दांडा, चिंध्यांचा चेंडू व मूठभर फक्की यांवर अडूं नये.

आम्ही आतां मैदानाचा तास मागत नाहीं. आमचा विषय मागें पडला तर तो आम्ही आमच्या वेळांत पुरा करितों. मध्यंतरीं एके सकाळीं कुंपणाशीं उभे असतां आंजीकडून रोज बसनें येणारी एक विद्यार्थिनी बॅट घेऊन पुढें आली. पहिल्या महिन्यांत फटका मारून जागींच उभी राहणाऱ्यांत तीहि होती. या वेळीं फटका तसा बेतांचाच बसला. पण चेंडू कोठें गेला हें पाहण्यापूर्वींच बॅट धुळींत पडलेली होती, आणि ती पहिल्या बेसच्या अर्ध्या वाटेवर होती.