मागणीच्या अंदाजाची जबाबदारी : जनरल मोटर्सचा अनुभव (१९२० ते १९२५) आणि मागणी-नियोजकाचे दैनंदिन काम

प्रस्तावना :

कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू म्हणजे कोणीतरी अगोदर केलेल्या अंदाजाचे मूर्त रूप असते. ग्राहक दुकानाची पायरी चढण्यापूर्वी कित्येक आठवडे कच्चा माल खरेदी केलेला असतो, कामगारांच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि बँकेकडून घेतलेल्या कर्जावर व्याज चढू लागलेले असते. पुढील महिन्यात कोणती वस्तू, कोठे आणि किती विकली जाईल याचा आकडा ठरविणाऱ्या व्यक्तीस आजच्या उद्योगात 'डिमांड प्लॅनर' अर्थात मागणी-नियोजक असे म्हणतात. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात भांडवल, यंत्रे, संशोधक आणि कामगार चळवळी यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. मागणीच्या अंदाजाचे काम मात्र वरकरणी कारकुनी वाटत असल्याने त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. हे काम स्वतंत्र का झाले आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत कोणी मोजली, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या १९२० ते १९२५ या काळातील अनुभवाच्या आधारे केला आहे.

उद्दिष्टे :

१. १९२० च्या मंदीत मोटार उद्योगापुढे उभ्या राहिलेल्या मालसाठ्याच्या संकटाचे स्वरूप समजून घेणे.
२. १९२४ च्या अनुभवानंतर रूढ झालेल्या दहा-दिवसीय अहवाल पद्धतीचे महत्त्व स्पष्ट करणे.
३. या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या मागणी-नियोजकाच्या दैनंदिन कामाचे स्वरूप तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. आल्फ्रेड स्लोन यांचे 'माय इयर्स विथ जनरल मोटर्स' हे आत्मकथन आणि आल्फ्रेड चँडलर यांचा 'स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर' (१९६२) हा ग्रंथ या विषयाच्या अभ्यासात मूलभूत मानले जातात. स्लोन यांचे कथन हे व्यवस्थापनाच्या बाजूने केलेले कथन आहे, ही मर्यादा लक्षात ठेवूनच त्याचा विचार केला आहे.

१. १९२० चे संकट : आकड्यांविना चाललेला कारखाना

विल्यम ड्युरँट यांनी १९०८ मध्ये स्थापन केलेली जनरल मोटर्स ही अनेक मोटार कंपन्या एकत्र आणून उभी राहिलेली संस्था होती. ब्युइक, कॅडिलॅक, शेव्हरोले, ओकलंड, ओल्ड्समोबाईल असे तिचे विभाग जवळजवळ स्वतंत्र संस्थानांप्रमाणे चालत. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या मनाप्रमाणे पोलाद, टायर व सुटे भाग यांची खरेदी केली. भाव वाढतच राहणार आणि गाड्या विकल्या जाणारच, हे त्यामागील गृहीत होते. तो हिशोबाने काढलेला अंदाज नव्हता.

१९२० च्या उत्तरार्धात मोटारींची बाजारपेठ कोसळली. सप्टेंबरमध्ये हेन्री फोर्ड यांनी आपल्या गाड्यांच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरविल्या. ऑक्टोबर १९२० अखेर जनरल मोटर्सकडील मालसाठा २० कोटी ९० लाख डॉलरवर पोहोचला. वरिष्ठ समित्यांनी मंजूर केलेल्या मर्यादेपेक्षा तो ५ कोटी ९० लाख डॉलरनी अधिक होता. कंपनीच्या शेअरचा भाव सावरण्याच्या प्रयत्नात ड्युरँट स्वतः कर्जात बुडाले आणि नोव्हेंबरअखेर त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी पिअर ड्यू पाँ अध्यक्ष झाले.

या संकटावरील पहिला उपाय कठोर होता. जॉन प्रॅट यांच्या अध्यक्षतेखाली मालसाठा समिती नेमण्यात आली आणि विभागप्रमुखांचे खरेदीचे अधिकार तात्पुरते गोठविण्यात आले. पुढे या आणीबाणीच्या उपायाचे नियमित पद्धतीत रूपांतर झाले. प्रत्येक विभागाने दरमहा चालू महिना आणि पुढील तीन महिने यांसाठी विक्री, उत्पादन व मालसाठा यांचे अंदाज मुख्यालयास सादर करावेत आणि त्या मर्यादेतच खरेदी करावी, असे ठरले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा व्यवहारातील नियम येथे प्रथमच लेखी कोष्टकाच्या रूपाने एका प्रचंड उद्योगास लागू झाला, असे म्हणता येईल.

२. फोर्ड यांचा मार्ग : ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर

त्याच संकटास फोर्ड यांनी दिलेले उत्तर तुलनेसाठी महत्त्वाचे आहे. भागधारकांचे समभाग विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाची परतफेड डोक्यावर असताना फोर्ड यांनी १९२० च्या नाताळाच्या सुमारास कारखाना बंद ठेवला आणि १९२१ च्या आरंभी तो पुन्हा सुरू केला. तयार गाड्या विक्रेत्यांकडे पाठविण्यात आल्या आणि त्यांची किंमत त्यांनी ताबडतोब चुकती करावी, असा आग्रह धरण्यात आला. विक्रेतेपद जाईल या भीतीने अनेकांनी स्थानिक बँकांकडून कर्जे काढून गाड्या ताब्यात घेतल्या. कंपनीचे संकट अशा रीतीने गावोगावच्या विक्रेत्यांमध्ये वाटले गेले.

यावरून एक मूलभूत गोष्ट स्पष्ट होते. मागणीचा अंदाज चुकला तर ती चूक हवेत विरून जात नाही, ती कोणाच्या तरी खातेवहीत जमा होते. ते खाते कोणाचे असावे, हा निर्णय व्यवस्थापन घेत असते. विक्रेत्याची उधारी, कामगाराची सुटलेली पाळी किंवा कंपनीचा तोटा ही या एकाच चुकीची तीन रूपे होत.

३. १९२४ चा धडा : विक्री म्हणजे नेमके काय?

मासिक अंदाजांची पद्धत सुरू होऊनही १९२४ मध्ये जनरल मोटर्सपुढे पुन्हा अडचण उभी राहिली. त्या काळी मोटारींची विक्री ऋतुमानावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असे. वसंत ऋतूत मागणी उसळत असे आणि हिवाळ्यात मंदावत असे. कामगारांना वर्षभर काम मिळावे व यंत्रे पडून राहू नयेत यासाठी हिवाळ्यात गाड्या तयार करून विक्रेत्यांकडे साठविणे सोयीचे होते. १९२३ हे वर्ष उत्तम गेल्याने १९२४ विषयी विभागप्रमुख आशावादी होते आणि हिवाळ्यात उत्पादन जोरात चालू राहिले. वसंतात मात्र अपेक्षित ग्राहक आले नाहीत.

मे १९२३ मध्ये अध्यक्ष झालेले स्लोन मे १९२४ मध्ये विक्रेत्यांच्या भेटीस निघाले. सेंट लुईस, कॅन्सस सिटी आणि लॉस एंजेलिस येथे विक्रेत्यांच्या आवारात उभ्या असलेल्या न विकलेल्या गाड्या त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या व मोजल्या. विभागप्रमुखांच्या अहवालांतून जे दिसत नव्हते ते मोकळ्या मैदानात दिसत होते. स्लोन यांनी तत्काळ उत्पादन घटविण्याचा आदेश दिला आणि ही घट महिन्याला सुमारे ३० हजार गाड्यांची होती. विभागांना स्वायत्तता देण्याचा पुरस्कार करणाऱ्या स्लोन यांनी असा थेट हुकूम क्वचितच दिला होता.

या प्रसंगातील दोष गणिताचा नव्हता. कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेली गाडी 'विकली गेली' असे कंपनीच्या वहीत लिहिले जात होते. विक्रेत्याच्या आवारात ती धूळ खात असली तरी कागदावर ती विक्रीच होती. त्या आकड्यावरून पुढील महिन्याचा अंदाज केला की चूक चुकीला जन्म देत असे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

४. दहा-दिवसीय अहवाल

या अनुभवानंतर दर दहा दिवसांनी विक्रेत्यांकडून अहवाल मागविण्याची पद्धत दृढ झाली. अंतिम ग्राहकास किती नव्या गाड्या दिल्या, आवारात किती नव्या गाड्या शिल्लक आहेत आणि किती जुन्या गाड्या हाती आहेत, ही माहिती विक्रेत्याने कळवायची होती. यासोबत आर. एल. पोक या संस्थेकडून मिळणारे नव्या गाड्यांच्या नोंदणीचे आकडे पडताळणीसाठी वापरले जाऊ लागले. नोंदणीचे आकडे संपूर्ण बाजारपेठेचे असल्याने आपली विक्री घटली की एकूण बाजारच आकसला, हा भेद करता येऊ लागला.

डोनाल्डसन ब्राऊन आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट ब्रॅडली यांनी या माहितीवर आधारित पूर्वानुमानाची घडी बसविली. वर्षाच्या आरंभी केलेला अंदाज हा अंतिम शब्द मानू नये आणि दर दहा दिवसांनी आलेल्या आकड्यांशी ताडून उत्पादनाचे वेळापत्रक बदलावे, हे या पद्धतीचे सार होते. अचूक भविष्यकथनापेक्षा चूक लवकर ओळखून ती दुरुस्त करण्याच्या क्षमतेस येथे महत्त्व मिळाले. मागणी-नियोजनाच्या इतिहासातील हा निर्णायक विचार होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक नोंद आवश्यक आहे. याच कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटार जुळणीचा कारखाना सुरू केला. गाड्यांचे भाग समुद्रमार्गे पेट्यांतून येत व येथे जोडले जात. पुरवठ्याचा मार्ग जितका लांब तितका अंदाज अगोदर करावा लागतो, हे अशा जुळणी उद्योगाचे स्वाभाविक वैशिष्ट्य होते. स्वतंत्र भारताच्या औद्योगिक धोरणाने केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव न ठेवल्याने १९५४ मध्ये हा कारखाना बंद झाला.

५. पुढील वाटचाल

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामास गणिताची जोड मिळाली. रॉबर्ट ब्राऊन यांनी ताज्या आकड्यांना अधिक आणि जुन्यांना क्रमशः कमी वजन देण्याची पद्धत विकसित केली. चार्ल्स होल्ट (१९५७) आणि पीटर विंटर्स (१९६०) यांनी तीत कल व ऋतुमान यांचा समावेश केला. १९५८ मध्ये जे फॉरेस्टर यांनी वेगळाच मुद्दा पुढे आणला. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकी राज्यातील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी जादा पाळ्या तर कधी कामगारकपात का होते, याचा शोध घेताना त्यांना असे आढळले की बाहेरील मागणी स्थिर असूनही ऑर्डर देण्याच्या अंतर्गत नियमांमुळेच असे चढउतार निर्माण होऊ शकतात. किरकोळ विक्रेत्याकडील लहान बदल घाऊक व्यापारी व कारखाना असा मागे जाताना मोठा होत जातो. १९९७ मध्ये हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी या परिणामाची कारणे सविस्तर मांडली.

साधने सुधारली तरी मूळ धोका टळला नाही. २००१ मध्ये सिस्को या संगणक-जाळे उपकरणांच्या कंपनीस मागणी कोसळल्यावर अतिरिक्त मालसाठ्यापोटी २ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम तोट्यात दाखवावी लागली. तुटवड्याच्या भीतीने ग्राहकांनी दिलेल्या दुहेरी ऑर्डरी या खऱ्या मागणीसारख्याच दिसत होत्या. १९२४ मध्ये विक्रेत्याच्या आवारातील गाड्या आणि २००१ मधील दुहेरी ऑर्डरी यांत तंत्रज्ञानाचे अंतर मोठे असले तरी फसगतीचे स्वरूप एकच आहे.

६. आजच्या मागणी-नियोजकाचा दिवस

या पार्श्वभूमीवर मागणी-नियोजकाच्या दैनंदिन कामाकडे पाहिले असता त्यातील प्रत्येक कृतीस इतिहास असल्याचे जाणवते. सकाळी तो आदल्या दिवसाची विक्री व शिल्लक साठा पाहतो. हजारो वस्तूंपैकी ज्यांचा आकडा अंदाजापासून फार दूर गेला आहे, त्या वस्तू तो वेगळ्या काढतो. एखाद्या वस्तूची विक्री घटली तर मागणी घटली की दुकानात मालच नव्हता, हे त्यास शोधावे लागते. माल नसल्याने परत गेलेल्या ग्राहकाची नोंद कोणत्याही बिलात होत नाही. म्हणूनच विक्री आणि मागणी यांतील भेद ओळखणे हा त्याच्या कामाचा गाभा ठरतो.

दुपार बहुधा संवादात जाते. विक्री विभागास माल कमी पडू नये असे वाटते, वित्त विभागास साठा कमी हवा असतो, कारखान्यास वेळापत्रक स्थिर हवे असते. सूट योजना, सण, लग्नसराई, पाऊस, प्रतिस्पर्ध्याचा नवा माल यांची माहिती गोळा करून संगणकाने काढलेल्या आकड्यात तो बदल करतो आणि त्या बदलाचे कारण नोंदवून ठेवतो. महिनाअखेर सर्व विभागांच्या बैठकीत एक आकडा मान्य केला जातो. त्यानंतर मागील अंदाज व प्रत्यक्ष विक्री यांतील फरक तपासला जातो. हा फरक कधी वर तर कधी खाली असेल तर ती परिस्थितीची अनिश्चितता असते. तो सतत एकाच दिशेने असेल तर मात्र तेथे कोणाची तरी इच्छा अंदाजाचा वेष घेऊन बसलेली असते.

येथेच या कामातील खरी कसोटी आहे. वरिष्ठांचे उद्दिष्ट आणि बाजारातील शक्यता या दोन भिन्न गोष्टी असून उद्दिष्टालाच अंदाज म्हणण्याचा दबाव मागणी-नियोजकावर येत असतो. १९२४ मध्ये विभागप्रमुखांचा आशावाद खोडून काढण्यासाठी कंपनीच्या अध्यक्षास स्वतः गाड्या मोजाव्या लागल्या. मागणी-नियोजकाकडे तो अधिकार नसतो. त्याच्याकडे केवळ नोंदी असतात आणि त्या न लपविता मांडण्याचे धैर्य असावे लागते.

निष्कर्ष :

१. मागणीच्या अंदाजाचे काम स्वतंत्रपणे उदयास आले ते अतिरिक्त मालसाठ्याच्या संकटातून. गणिती पद्धतींची जोड त्यास नंतर मिळाली.
२. १९२४ च्या प्रसंगाने कारखान्याची पाठवणी आणि ग्राहकाची खरेदी यांतील भेद प्रस्थापित केला. हा भेद आजही या कामाचा पाया आहे.
३. अंदाजाची गुणवत्ता केवळ अचूकतेत नसून तो वेळेवर बदलण्याच्या तयारीत असते.
४. चुकीच्या अंदाजाचा भार बहुधा निर्णय घेणाऱ्यावर न पडता विक्रेता, पुरवठादार व कामगार यांच्यावर पडतो. त्यामुळे मागणी-नियोजन हा तांत्रिक तसाच नैतिक जबाबदारीचाही विषय ठरतो.

वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गात हा विषय सूत्रांच्या रूपाने शिकविला जातो. त्यास इतिहासाची जोड मिळाल्यास कोष्टकातील प्रत्येक आकड्यामागे विक्रेत्याच्या आवारात उभी असलेली एखादी गाडी आणि कारखान्याच्या दाराशी कामाची वाट पाहणारा एखादा कामगार असतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येऊ शकेल.