सॅव्हॉय बॉलरूम आणि आमचा चौक

गेल्या शनिवारी गिरगावात जाऊन आलो. आमची चाळ रिकामी होतेय. पुनर्विकास, दुसरं काय! बिल्डरच्या माणसाने टेबलावर नकाशा पसरला आणि तेविसाव्या मजल्यावरची आमची खोली, म्हणजे आता फ्लॅट, बोटाने दाखवली. दोन लिफ्ट, स्वयंपाकघर मोठं, संडास घरात. आई खूश. मी विचारलं, "आणि चौक कुठाय?" तो म्हणाला, "तिथे पार्किंग येतंय ना सर." प्रत्येक खोलीचं चौरस फुटांत माप झालं होतं, चौक कुणीच मोजला नव्हता. तो कुणाच्या नावावर नव्हता ना!

त्या चौकात मी नाचायला शिकलो. शिकलो म्हणजे काय, तर गणपतीत भगवानदादांसारखे हात वर करून, गुडघे जरा वाकवून डुलायचं. एवढंच. पण ते सगळ्यांना यायचं, अगदी एरवी कुणाशी न बोलणाऱ्या जोशीकाकांनासुद्धा.

परतीच्या लोकलमध्ये डोक्यात मात्र न्यूयॉर्कचं हार्लेम घोळत होतं. तिथेही एक नाचाचा हॉल पाडून घरं बांधली गेली, १९५९ साली. आज त्याची गोष्ट सांगतो. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मला ही गोष्ट कळली ती अगदी योगायोगाने. २००७ साली मी कंपनीकडून न्यू जर्सीला होतो. शुक्रवारी संध्याकाळी करायचं काय हा मोठाच प्रश्न असायचा. ऑफिसातला एकजण एका चर्चच्या तळघरातल्या हॉलवर घेऊन गेला. दहा डॉलर तिकीट, त्यातच पहिला तास शिकवणी. नाचाचं नाव लिंडी हॉप. सगळे गोलात उभे. दर दोन मिनिटांनी मास्तर ओरडायचा की जोडीदार बदला, आणि आपण पुढच्या बाईसमोर! मी परक्या बाईचा हात आयुष्यात पहिल्यांदाच धरत होतो. घामाने तळवा ओला. सत्तरीच्या एक आजी समोर आल्या आणि म्हणाल्या, "पायांकडे बघू नकोस, ते कुठे जात नाहीत." त्या वाक्यानंतर मला जरा जरा जमायला लागलं. रात्री फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, एवढा शिकून तिकडे जाऊन नाचतोस?"

हा नाच आला कुठून हे शोधायला बसलो (सवयच ती) आणि सॅव्हॉयला पोचलो.

सॅव्हॉय बॉलरूम सुरू झालं १२ मार्च १९२६ ला. हार्लेममधल्या लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर, १४० आणि १४१ क्रमांकाच्या रस्त्यांच्या मधे. हॉल पहिल्या मजल्यावर, खाली दुकानं. भांडवल मो गेल या गोऱ्या ज्यू माणसाचं, आणि रोजचा कारभार चार्ल्स ब्युकॅनन या काळ्या मॅनेजरच्या हातात. नाचायची जागा सुमारे दहा हजार चौरस फूट, लाकडी, पायाखाली जराशी लवणारी. इतके पाय त्यावर आपटायचे की लाकूड दर तीन वर्षांनी बदलावं लागायचं असं सांगतात. बँडसाठी मंच दोन. एका बँडने थांबायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने सुरू करायचं. संगीत बंद पडायचंच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डाउनटाइम शून्य!

पण खरी गोष्ट दारापाशी आहे. तिथून दोनच चौक पुढे, १४२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कॉटन क्लब होता. ड्यूक एलिंग्टन १९२७ पासून तिथे वाजवायचा. मंचावर सगळे काळे कलावंत, आणि समोर बसणारं गिऱ्हाईक फक्त गोरं. हार्लेमच्या माणसाला हार्लेममधल्याच त्या क्लबात गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नाही. आणि दोन चौक अलीकडे सॅव्हॉयमध्ये काळे-गोरे एकाच जमिनीवर, एकाच वेळी नाचतायत. १९२६ साली! त्या काळच्या अमेरिकेत किती ठिकाणी हे शक्य होतं याचा विचार करा म्हणजे कळेल. तिथले नाचणारे म्हातारपणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: तिथे तुझा रंग कुठला हे कुणी विचारत नसे, नाचता येतं का एवढंच विचारत.

आणि ही जागा श्रीमंतांची नव्हती. तिकीट सेंटांमध्ये. गुरुवारच्या रात्रीला चेष्टेने 'किचन मेकॅनिक्स नाइट' म्हणत, कारण गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी-स्वयंपाक करणाऱ्या बायांना त्या दिवशी सुट्टी असायची. मंगळवार पट्टीच्या नाचणाऱ्यांचा. शनिवारी बाहेरच्यांची गर्दी, म्हणून पट्टीचे लोक शनिवारला नाकं मुरडायचे. हॉलच्या एका कोपऱ्याला 'कॅट्स कॉर्नर' म्हणत. तिथे फक्त उत्तम नाचणाऱ्यांनी उभं राहायचं, नवशिक्याने तिकडे फिरकायचं नाही. म्हणजे दारात भेदभाव नाही, पण आत मान मिळवावा लागायचा. आपल्याकडच्या तालमीसारखंच की!

लिंडी हॉपचा कुणी एक निर्माता नाही. चार्ल्स्टनसारखे जुने नाच होते, त्यांतून हा घडत गेला. जोडीने धरून नाचायचं, मधेच एकमेकांपासून सुटायचं, दोघांनी आपापलं काहीतरी करायचं आणि पुन्हा धरायचं. नाव पडलं ते १९२७ साली चार्ल्स लिंडबर्गने अटलांटिक विमानाने ओलांडला त्यावरून, आणि नाव देणारा शॉर्टी जॉर्ज स्नोडेन, अशी कथा सांगतात. पण नाच रुजला तो सॅव्हॉयच्या लाकडावर. रोज रात्री शेकडो जण नाचतायत, एकाने काही नवीन केलं की दुसरा उद्या त्यात भर घालतोय. १९३५ च्या सुमाराला फ्रँकी मॅनिंग या तरुणाने शॉर्टी स्नोडेनशी झालेल्या स्पर्धेत जोडीदारीण फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून अख्खी उलटी फिरवून समोर उभी केली. ठेक्यात! सामाजिक नाचाच्या जमिनीवर बाई हवेत गेली ती तेव्हापासून, असं मानतात.

नॉर्मा मिलर नावाची एक मुलगी हॉलच्या मागच्याच इमारतीत राहायची. आगीच्या जिन्यावर बसून सॅव्हॉयच्या खिडक्यांतून नाचणाऱ्यांच्या हालचाली बघायची आणि बघून बघून घरी करायची. हे वाचलं आणि मला आमची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी आठवली. कठड्याच्या गजांतून डोकं घालून चौकातली लेझीम मी अशीच बघितली आहे. पुढे नॉर्मा मिलर आणि मॅनिंग 'व्हायटीज लिंडी हॉपर्स' या चमूतून जगभर गेले. १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' सिनेमात त्यांचा नाच आहे. तूनळीवर जरूर बघा, पण दोनदा बघा. पहिल्यांदा काहीच कळत नाही!

बँडांच्या लढायाही व्हायच्या. ड्रमर चिक वेब हा घरचा पैलवान. लहानपणी पाठीच्या कण्याला क्षय झालेला, उंचीने अगदी ठेंगणा. ११ मे १९३७ ला बेनी गुडमनचा बँड, म्हणजे त्या वेळचा देशातला सगळ्यात गाजलेला गोरा बँड, सॅव्हॉयमध्ये त्याच्यासमोर उतरला. आत हजारो, बाहेर रस्त्यावर आणखी हजारो. कौल वेबच्या बाजूने गेला. तो दोनच वर्षांत, १९३९ मध्ये गेला, आणि त्याचा बँड एला फिट्झजेराल्डने पुढे चालवला.

आता जरा विषयांतर वाटेल, पण नाही. सॅव्हॉयच्या पहिल्या रात्री तिथे वाजवणाऱ्या बँडांपैकी एक होता सॅव्हॉय बेअरकॅट्स, आणि त्याचा म्होरक्या व्हायोलिन वाजवणारा लिऑन अ‍ॅबी. हाच लिऑन अ‍ॅबी १९३५ साली आपला बँड घेऊन कुठे आला असेल? मुंबईला, ताजमहाल हॉटेलात! ताजच्या बॉलरूममध्ये नाचायला साहेब, संस्थानिक आणि धनिक. गिरणगावातल्या माणसाला तिथे कोण आत घेणार? पण संगीत दारात थांबत नाही. मुंबईतले गोव्याचे वादक या नव्या संगीतात मुरले. त्यांतला ट्रंपेट वाजवणारा चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये एका गाण्यात तो बँडसकट पडद्यावरही आहे. आणि त्या चित्रपटात नाचतंय कोण? गिरणी कामगाराचा मुलगा, भगवान आबाजी पालव. आपले भगवानदादा!

म्हणजे लिंडी हॉप गिरगावात आला असं मला अजिबात म्हणायचं नाही. भगवानदादांचा नाच त्यांचाच. पण त्या ट्रंपेटचा आणि ठेक्याचा एक धागा नक्की तिकडून येतो. तिकडच्या मोलकरणींच्या गुरुवारला चालणारं संगीत इकडे श्रीमंतांच्या हॉटेलातून आत शिरलं आणि सिनेमातून बाहेर पडून आमच्या चौकात आलं. कष्टकऱ्यांकडून निघून कष्टकऱ्यांकडेच! मला याची फार गंमत वाटते.

असो. सॅव्हॉयचं पुढे काय झालं?

एप्रिल १९४३ मध्ये अधिकाऱ्यांनी त्याला टाळं ठोकलं. कारण असं दिलं की तिथे भेटलेल्या बायकांमुळे सैनिकांना गुप्तरोग होतात. हार्लेममध्ये यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. काळे पुरुष आणि गोऱ्या बायका एकत्र नाचतात हेच खरं दुखणं, असं लोक उघड म्हणत होते. ऑक्टोबरमध्ये हॉल पुन्हा उघडला. पण दिवस फिरले होते. युद्धाने तरुण नेले, मोठे बँड परवडेनात. १९४४ मध्ये खाण्यापिण्याबरोबर नाच-गाणं ठेवणाऱ्या जागांवर ३० टक्के केंद्रीय कर बसला, तो पुढे २० वर आला. नुसतं वाद्यसंगीत असेल तर हा कर नाही. मग मालकांनी काय करावं? ठिकठिकाणी नाचाच्या जागेवर खुर्च्या आल्या आणि लोक बसून ऐकू लागले. सॅव्हॉय तरीही टिकलं, १९५८ पर्यंत. त्या वर्षी बंद झालं आणि पुढच्या वर्षी पाडलं. तिथे घरांची वसाहत उभी राहिली. घरं लागतातच हो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे त्याच वसाहतीला नाव दिलं सॅव्हॉय पार्क! चिंचेचं झाड तोडायचं आणि सोसायटीला चिंचबन म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

आणि नाच? नाच कागदावर उतरवता येत नाही. फिल्मवर थोडाफार दिसतो, पण कुणी कुणाचा हात किती दाबला हे फिल्मवर दिसत नाही. तो माणसांच्या अंगात उरतो आणि अंग म्हातारं होतं. फ्रँकी मॅनिंग युद्धावर गेला, परत आला, थोडी वर्षं आपला चमू चालवला आणि पन्नाशीच्या दशकात टपाल खात्यात नोकरीला लागला. तीसेक वर्षं पत्रं हाताळली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तरी माहीत असेल का, हा कोण आहे ते?

ऐंशीच्या दशकात काही स्वीडिश आणि कॅलिफोर्नियाचे तरुण जुन्या फिल्म पुन्हा पुन्हा बघून हा नाच जुळवू पाहत होते. स्वीडिश मंडळींना सॅव्हॉयचा जुना गडी अ‍ॅल मिन्स सापडला. त्याने १९८४ मध्ये त्यांना शिकवलं आणि १९८५ मध्ये तो वारलाच. एक वर्षाचा उशीर झाला असता तर? १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोघांनी मॅनिंगला फोन केला. तो म्हणाला, मी आता नाचत नाही, टपालात काम करतो. पण शेवटी शिकवायला तयार झाला. वय बहात्तर. त्यानंतर वीसेक वर्षं तो जगभर शिकवत फिरला. २६ मे २००२ ला, त्याच्याच वाढदिवशी, लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर सॅव्हॉयच्या जागी पाटी लागली. ती उघडायला तो आणि नॉर्मा मिलर हजर होते. मॅनिंग २७ एप्रिल २००९ ला गेला, पंच्याण्णव पूर्ण व्हायला एक महिना कमी. नॉर्मा मिलर २०१९ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर.

२००८ च्या एका रविवारी मी ती पाटी बघून आलो. समोर इमारती, मुलं सायकली चालवतायत. मॅनिंग तेव्हा त्याच शहरात होता, शिकवत होता. "पुढच्या वर्षी त्याच्या वर्गाला जाऊ" असं म्हणत राहिलो आणि प्रोजेक्ट संपवून परत आलो. चूक माझीच.

म्हणून या वेळी म्हटलं, पुढच्या वर्षी नको. सोमवारी रात्री बसून चाळीच्या कमिटीला पत्र लिहिलं. मागणी एकच: चाळीस बाय साठ फुटांची मोकळी जागा, गाड्या न लावता, कुणाच्याही नावावर नसलेली. चाळीत अजून बसवणारी, ढोल-लेझीम येणारी माणसं आहेत. त्यांना उभं राहायला जागा हवी. सह्या गोळा करतोय. पहिली आईची झाली. दुसरी सही जोशीकाकांची. वय वर्षं एक्क्याऐंशी. सही करता करता म्हणाले, "जागा राहिली तर मी एकदा नाचेन म्हणतो."

कमिटीचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की कळवतो.